बारा वर्षांची रेवा

चहा येऊ द्या, पण आधी माझा गोंधळ ऐका.

मी कादंबरी लिहून राहिलो, हे तुम्हाला माहीतच आहे. तिच्यात नर्मदा आटली आहे, जबलपूरवर बंदूकवाल्यांचा पहारा आहे आणि बारा वर्षांची रेवा अख्खा मोहल्ला सांभाळून राहिली आहे. रविवारी राइट टाउनला सुधाताईंच्या घरी जाऊन त्यांना त्यातलं एक प्रकरण वाचून दाखवलं.

ताई म्हणाल्या, "छान आहे हो, पण पोरगी खोटी वाटते. बारा वर्षांची मुलगी मोठ्यांना असे हुकूम काहून देईल? अन् मोठे तरी ऐकतील काहून?"

तेवढ्यात बेल वाजली. नळवाला आला होता. आमच्यासोबत ऐकत बसलेली ताईंची नात मिठू दारात गेली. तीही बाराचीच.

"भैया, आपने कल ठीक किया, आज फिर टपक रहा है. पहले नल देखो, पैसे की बात बाद में."

मग आत येऊन म्हणाली, "आजी, गोळी घेतली? आणि ते दुसरं बिस्किट परत ठेव."

ताईंनी बिस्किट परत ठेवलं.

मी मिठूलाच विचारलं, "तुला कशी वाटली रेवा?"

"झूठी लगती है, काका. एवढीशी मुलगी असं थोडीच बोलते? चलो, आता निघा तुम्ही, आजीला पडायचंय."

मी कागद गोळा करून उठलो. खाली स्कूटर सुरू केली, तर वरून आवाज आला, "काका, हेल्मेट!"

घातलं. आता तुम्हीच सांगा, वय रेवाचं वाढवू की माझं?