फेसाच्या पट्ट्यात

माझा जन्म रोह्याच्या खालच्या अंगाचा, कुंडलिकेच्या खाडीवरचा. आमचा बा होडीवाला, त्याचा बा बी होडीवाला, मग मीबी तेच करत आलो, दुसरं काय येतंय मला. बायको पेणची, तिच्या माहेरी गणपतीचा कारखाना, तिला पाण्याची भीती, आन लग्न केलं ते खाडीवाल्याशी, आता काय सांगू तुमाला.

तर ओहोटीला खाडीचं गढूळ पाणी बाहेर पडतं, दर्याचं हिरवं पाणी त्याला भिडतं, तिथं फेसाचा लांब पट्टा असतो. पाणी खवळलं म्हंजे सगळं पांगंल असं वाटतं ना, पण नाय, गोळा व्हतं. बा म्हणायचा, दोन्ही अंगाचं पाणी तिथं येऊन खाली जातं, तरंगणाऱ्याला खाली जाता येत नाय, ते बिचारं वरच अडकतं. चपला, बाटल्या, निर्माल्य, सगळं तिथंच.

माझ्या लग्नाआधीची गोष्ट, गणपती जाऊन थोडेच दिवस झालेले. जाळं ओढताना माझा पाय दोरीत अडकला आन मी पाण्यात. बा एकटा होडीवर, तो होडी फिरवीपर्यंत ओहोटीनं मला लांब नेलं, लाटांमधी माझं डोकं दिसंना. कुणाच्यातरी मखराचा थर्माकोल हाताला लागला, तो कवटाळून ऱ्हायलो. दुसऱ्या होड्या आल्या, मी पडलो तिथंच फेऱ्या मारत बसल्या. बा मातर सरळ पट्ट्यावर गेला, इंजिन बंद केलं आन बसला. दुसऱ्या होडीतून काका वरडला, अरं पोर बुडतंय आन तू कचऱ्यात काय बसलायस. बा फेसाकडं बघत ऱ्हायला.

ऊन कलताना मी आलो, फेसातून, बाटल्यांच्या मधून. बानं काखेत हात घालून वर घेतलं, आलास व्हय रे, एवढंच म्हणाला, पण घरी पोचंस्तवर माझं मनगट सोडलं नाय. बायको अजून म्हणते, मला नवरा कचऱ्यात सापडला.

बा आता नाय. जिथं आसंल तिथं सुखी राहो. लेक धाटावला कंपनीत लागली म्हणून आम्ही रोह्याच्या पुलापल्याड अष्टमी गावात खोली घेतली. शिफ्टची बस उशीर करते तवा मी पुलावर जाऊन उभा ऱ्हातो, कुठं अडकली तरी शेवटी तिथूनच येणार. बायको म्हणते, अवो, पुढं जाऊन बघा तरी, बस काय तरंगत येणार हाय का. मी हालत नाय. बाला त्या दिशी आतून काय झालं आसंल, ते तिथं उभं ऱ्हायलं का कळतं. मग बस येते, पोर उतरते, आन मीबी एवढंच म्हणतो, आलीस व्हय गो.