टायटसच्या दगडावरचं नाव

(अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यालगतचं बेट, १८८९ चा मार्च. गुलाम राखणारी दक्षिणेची राज्यं आणि सरकारी फौज यांची लढाई संपून चोवीस वर्षं झालीत. बायनाच्या घराचा ओटा. विधवा बायना कालवं फोडते आहे. तिच्या नवऱ्याचा पलटणीतला सोबती, सार्जंट केटो, मासे धरायचं जाळं विणतो आहे. बायनाची लेक हेगर, बेटावरच्या शाळेतली मास्तरीण, मांडीवर कागद घेऊन बसली आहे.)

बायना : नाही म्हणजे नाही. ते नाव माझ्या नवऱ्याच्या उशाशी मी बसू देणार नाही. खोड ते.

हेगर : अजून लिहिलंच नाहीये, आई. खोडू काय?

बायना : मग लिहूही नकोस. टायटस मुंगिन लिही. मेला तेव्हा तो टायटस मुंगिन होता.

हेगर : किती वेळा सांगू? सरकार दगड देतंय ते बाबा लढले म्हणून. पलटणीच्या हजेरीपटात जे नाव असेल तेच कोरतात. टायटस मुंगिन नावाचा शिपाई त्यांच्याकडे नाहीच. टायटस हॅस्केट आहे. आणि दुपारच्या बोटीनं कागद गेला नाही, तर तीस मेच्या आत दगड येत नाही. सगळ्या शिपायांच्या थडग्यांवर फुलं पडतील आणि बाबा तसेच राहतील, मुंगिन लिहिलेल्या त्या लाकडी फळीखाली.

बायना : राहू दे. दोन वर्षं आहेच की फळी.

केटो : फळीला वाळवी लागलीय, वहिनी.

बायना : लागू दे. मुंगिनला लागलीय ना, हॅस्केटला तर नाही?

केटो : वाळवीला वाचता येत असतं तर तुझं म्हणणं पटलं असतं.

बायना : तू गप्प बस, सार्जंट. चूक तुमचीच आहे. चौदा दांडगे गडी रात्रभर होडी वल्हवत मालकाच्या तावडीतून सुटलात, सरकारी फौजेच्या धक्क्यावर उतरलात, आणि नाव विचारलं तर काय सांगितलंत?

केटो : हॅस्केट. चौदाच्या चौदा जणांनी.

बायना : ऐक गं मास्तरणी. पळाले ज्याच्यापासून, भरती झाले त्याच्याच नावानं.

केटो : हसू नकोस, हेगर. तू त्या धक्क्यावर असतीस तर तूही तेच सांगितलं असतंस. आपलं खरं आडनाव गोऱ्या माणसासमोर काढायचंच नाही, हे आईच्या दुधाबरोबर प्यालेलो आम्ही. कारकून समोर बसलेला, गोराच. म्हणाला, टायटस, पुढं काय? टायटसच्या तोंडून मालकाचं नाव गेलं. मागचा प्रत्येक जण पुढच्याचं ऐकून तेच बोलला.

बायना : मला माझ्या सासूनं लग्नाच्या दिवशी कानात सांगितलं होतं, आपण मुंगिन. घरात म्हण, शेतात म्हणू नकोस, मुकादमाच्या कानावर गेलं तर पाठ सोलून काढतील. जे नाव तिनं चाबकाच्या भीतीनं जपलं, ते आता कसली भीती नसताना मी सोडू? ही दहा एकर जमीन कुणाच्या नावावर आहे?

हेगर : मुंगिनच्या.

बायना : आणि तू शाळेत सही काय करतेस?

हेगर : आई, मला कळत नाही असं नाही. पण लाकूड दहा वर्षांत जातं. दगड राहतो. माझ्या वर्गातल्या पोरांची नातवंडं तो वाचतील.

बायना : तेच तर दुखणं आहे. काय वाचतील? शनिवारी दुकानात धाकटा हॅस्केट भेटला, जुन्या मालकाचा लेक. चार लोकांसमोर म्हणतो कसा, "बायना, आमच्या टायटसला दगड मिळतोय म्हणे. बरं झालं. आमच्या घरचा इमानी माणूस होता." मी घेतलेलं मीठ तिथंच ठेवलं आणि चालती झाले. उद्या तो पाहुण्यांना बग्गीतून आणील आणि दगडावर काठी टेकवून सांगेल, हा बघा आमचा माणूस. दगडात कोरलेला पुरावाच देतो आपण त्याच्या हातात.

हेगर : त्याच्या माणसांनी पुस्तकं पण आणलीत. शहरातून इतिहासाचं एक नवीन आलंय, त्यात लिहिलंय की लढाई राज्यांच्या हक्कांवरून झाली. कसला हक्क, त्यावर अवाक्षर नाही. परवा एका मुलीनं विचारलं, बाई, कशाचा हक्क हवा होता त्यांना?

केटो : मग? काय सांगितलंस?

हेगर : सांगितलं, केटोकाकांना विचार.

केटो : पाठव तिला माझ्याकडे. तो हक्क मी पाहिलाय. सात वर्षांचा होतो, चार्ल्सटनमध्ये लिलावाच्या चौथऱ्यावर उभा होतो. एकानं माझे दात बघितले आणि एकानं गुडघे. लढाईचं कारण कुणाला बघायचं असेल तर सांग, ओट्यावर बसून जाळं विणतंय. आणि पुढं काय झालं ते बघायचं असेल तर तू आहेस. तुझ्या आईला अक्षर शिकवलं असतं तर शिकवणाऱ्याला तुरुंग होता. तू साठ पोरांना शिकवतेस.

हेगर : आणि मतदानाला आठ पदांच्या आठ वेगळ्या पेट्या मांडतात ते? वाचता न येणाऱ्याचं मत चुकीच्या पेटीत पडावं म्हणून?

केटो : म्हणून तर तू साठ पोरांना शिकवतेस. लढाई संपली म्हणून त्यांचं डोकं सरळ झालं असं मी कधी म्हणालो? पण त्यांना आता डाव मांडावे लागतात. आधी नुसतं बोट दाखवलं की काम व्हायचं.

बायना : ते सगळं खरं. पण नावाचं काय? मी तर म्हणते, ते नाव म्हणजे गुराला मारलेला डाग आहे. सुटल्यावरही जो तो डाग मिरवतो त्याला लाज म्हणून नाही.

हेगर : आई.

बायना : काय आई? खोटं बोलले मी?

हेगर : काका बसलेत.

बायना : केटोचं वेगळं आहे.

केटो : काय वेगळं आहे? केटो हॅस्केट. कागदोपत्री, चर्चमध्ये, पलटणीत, सगळीकडे. वीसेक वर्षं या ओट्यावर बसतोय. तू कधी विचारलं नाहीस, मी का नाही बदललं.

बायना : मला वाटलं, तुझा आळस.

केटो : मला माहीत नाही, वहिनी.

बायना : काय माहीत नाही?

केटो : आमचं आडनाव. आईचं तोंड आठवतं. तिच्या डोक्याचा निळा रुमाल आठवतो. आडनाव तिनं सांगितलं नाही, कारण लहान पोराच्या तोंडून बाहेर जातं. मोठा झाल्यावर सांगणार असेल. त्याआधीच मी विकला गेलो. बापाचं तर नावही कळलं नाही. तुझ्याकडे लपवायला तरी काहीतरी होतं.

बायना : हे तू मला आज सांगतोस?

केटो : टायटसला माहीत होतं. अजून एक आहे, तेही आजच सांगतो, कारण त्याच्या उशाशी काय लिहायचं ते ठरतंय. चौसष्टच्या उन्हाळ्यात नवा कॅप्टन आला. चांगला माणूस होता. सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि म्हणाला, ज्यांची नावं मालकाची लागलीत त्यांनी आपली खरी सांगा, मी हजेरीपट दुरुस्त करतो. माझ्या पुढं टायटस होता. मी मागं उभा राहून घामाघूम. ही रांग संपेपर्यंत सगळे कुणी ना कुणी होणार आणि मी एकटा हॅस्केटचा राहणार.

हेगर : मग?

केटो : टायटसनं एकदा मागं वळून माझ्याकडे बघितलं. मग कॅप्टनला म्हणाला, आहे तेच राहू द्या साहेब. लढाई संपेपर्यंत मी हॅस्केट. कॅप्टन म्हणाला, का रे? तर म्हणाला, आम्ही एका होडीतून आलोय. मागचे सगळे तेच बोलले. ज्यांना आडनावं होती तेही. लढाई संपली त्या आठवड्यात टायटसनं मुंगिन लावलं, तोवर नाही.

बायना : मला नाही सांगितलं त्यानं.

केटो : सांगितलं असतं तर माझंही सांगावं लागलं असतं. मी त्याला गप्प राहा म्हणालो नव्हतो. तोच राहिला.

बायना : अडतीस वर्षं त्या माणसाची भाकरी भाजली मी. कोंबडीनं अंडं दिलं तरी येऊन सांगायचा. आणि हे पोटात ठेवून गेला. भेटू दे मला वर, बघतेच त्याच्याकडे.

हेगर : आई, रडतेस?

बायना : कालवाचं पाणी उडालंय डोळ्यात. केटो, मघाशी मी बोलले ते...

केटो : सोड ते. मी सार्जंट होतो, मला याहून वाईट शिव्या पडल्यात.

बायना : सोडत नाही. चुकलं माझं. लाज मला वाटायला हवी होती, तुला नव्हे.

केटो : बरं, चुकलं. झालं? आता धाकट्या हॅस्केटचं ऐक. त्या दगडावर नुसतं नाव नसतं. खाली कंपनी आणि पलटण कोरतात, युनायटेड स्टेट्सच्या काळ्या फौजेची. येऊ दे त्याला बग्गी घेऊन. पाहुण्यांपैकी एकाला जरी वाचता आलं, तरी तो विचारेल, तुमचा इमानी माणूस तुमच्यावरच बंदूक रोखून आला होता काय? मला त्या दिवशी तिथं खुर्ची टाकून बसायचंय.

हेगर : मी पण येते. शाळेला सुट्टी देईन.

बायना : हेगर, घे दौत. लिही, टायटस हॅस्केट. अक्षर मोठं काढ, वॉशिंग्टनच्या कारकुनाला चष्मा असेल नसेल.

हेगर : नक्की? पुन्हा खोडायला लावणार नाहीस?

बायना : नाही. तेरा जणांबरोबर त्यानं ते नाव घेतलं होतं, आता मी एकटी काय म्हणून काढून घेऊ? मुंगिन आपण आपल्या हातानं करू. पायाशी शिंपल्यांच्या चुन्याचा ठोकळा ओतू, ओला असताना तू काडीनं लिही. ते सरकारच्या बापाला विचारायचं काम नाही.

हेगर : लिहिलं. कंपनी, पलटण... काकांनी शपथेवर सांगायचं की टायटस मुंगिन आणि टायटस हॅस्केट एकच. इथं विचारलंय, दगड कुठं बसवायचा.

बायना : खाडीकाठच्या ओकाखाली, मुंगिनांच्या पुरायच्या जागेत. नीट लिही, नाहीतर दुसऱ्याच कुणाच्या उरावर आणून उभा करतील. त्याच्या डाव्या हाताला मी आहे.

हेगर : तुझं विचारलेलं नाही, आई.

बायना : असू दे, मी सांगते. उजव्या हाताला केटो.

केटो : वहिनी, ती तुमच्या माणसांची जागा. तिथं फक्त मुंगिन पुरतात. मी चर्चमागं परक्यांना पुरतात त्या कुंपणात माझी जागा बोलून ठेवलीय.

बायना : तिथं जाऊन सांगून ये, येत नाही म्हणून. आणि आजच जा, उद्यावर टाकू नकोस.

केटो : सही कुठं करायची ते दाखव, हेगर. मला नीट दिसत नाहीये.