स्थिती: आता होत नाही

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, शाळेच्या माजी मुख्याध्यापिका बाई. प्रमुख पाहुणे, कुरिअर ऑफिसचे मालक भाऊ, ज्यांनी हा हॉल फुकट दिला आणि सकाळपासून तीनदा तसं सांगितलं. आज ज्यांना आपण निरोप देतोय त्या आपल्या नर्सबाई. आणि समोर बसलेल्या माझ्या बायांनो, सर्वांना नमस्कार. मोबाइल पिशवीत ठेवा. मागच्या रांगेतल्यांनीसुद्धा.

माझी शाळा चौथीला सुटली. मी गाऊन शिवते, अभ्रे शिवते, पिशव्या शिवते. भाषण मला येत नाही. पण नर्सबाई म्हणाल्या, "तूच बोलायचं, आणि गोडगोड बोलायचं नाही." ते मला तसंही जमत नाही.

नर्सबाईंनी तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढली. इथल्या निम्म्या जणींची पोरं त्यांच्या हातावर जन्मली. नोकरी संपल्यावर घरी बसवेना, म्हणून त्यांनी मोबाइलवर आपला ग्रुप काढला. नाव ठेवलं 'बोला बायांनो'. आणि बाया बोलायला लागल्या. बाळ रडतंय ते दातानं की पोटानं, इथपासून सासूनं अबोला धरलाय, इथपर्यंत. एकीनं विचारलं, नवरा फार घोरतो, काय करू. सतरा जणींनी उपाय सांगितले. अठरावी म्हणाली, माझा घोरत नाही पण बोलतही नाही, बदली करू या का. नर्सबाईंनी तिला झापलं, पण आधी पोटभर हसून घेतलं. असा तो ग्रुप होता. तुम्हाला आठवतो का? मला हल्ली आठवावा लागतो.

त्यात दुकान काढायचं खूळ माझं. हे सगळ्यांना माहीत नाही, म्हणून सांगते. मी एका गाऊनचा फोटो टाकला, तेरा जणींनी विचारलं, आणि माझं डोकं फिरलं. नर्सबाईंच्या मागे लागले, की त्या ॲपमध्ये ग्रुपच्या आतच दुकान मांडायची सोय आहे, आपण मांडू या. त्या म्हणाल्या, "अगं, लोक बोलायला येतात तिथं." मी म्हटलं, "बोलून चूल पेटते का?"  शेवटी त्या चष्मा लावून माझ्या शेजारी बसल्या आणि एकेक रकाना भरायला शिकवलं. फोटो, किंमत, नग किती. रंगाच्या रकान्यात मी लिहिलं, मळखाऊ. पुढचा रकाना होता, 'वस्तूची स्थिती'. मी लिहिलं, 'बरी नाही, सासरे अंथरुणाला खिळलेत.' हसा, हसा. त्यापण हसल्या. म्हणाल्या, "स्थिती तुझी नव्हे गं, गाऊनची."

दुकान चाललं. खोटं कशाला बोलू, चांगलं चाललं. चाळीस-एक घरांना आधार झाला, कुरिअरवाल्या भाऊंनी दुसरी गाडी घेतली. पण गप्पा मध्ये आल्या की मालाचे फोटो खाली जायचे. कुणाचं पोर आजारी पडलं की साठ जणी लिहायच्या, आणि माझे अभ्रे कुठल्या कुठे. मी तोवर दुसरी ॲडमिन झाले होते. नियम काढला. नियम तीन: किंमत लिहिल्याशिवाय काहीही टाकू नये. नर्सबाईंना पटला नव्हता. मी म्हटलं, महिनाभर बघू. तो महिना दोन वर्षं चालला.

आता जे सांगायचंय ते या समारंभात बसत नाही. अध्यक्षबाई, मला चिठ्ठी पाठवू नका, मी लवकर संपवते.

माझी धाकटी जाऊ याच ग्रुपात होती. माझे दीर गेल्यापासून एकटीच राहायची, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. गाऊनचा गळा कसा कापायचा ते मला तिनंच शिकवलं. दुकान निघाल्यावर यादीत माझे गाऊन वर आणि तिचे खाली राहायला लागले. त्यावरून आमचं वाजलं, जाणंयेणं थांबलं. मला वाटलं, येईल वळणावर.

गेल्या वर्षी एका दुपारी तिनं ग्रुपवर लिहिलं, "चार दिवस कुणाशी बोलले नाही. कुणी बोलेल का?" मी मापं घेत होते. मोबाइल वाजला, पाहिलं, किंमत नव्हती. काढून टाकलं. खाली आपोआप सूचना जाते तशी गेली, 'नियम तीन'. मिनिटसुद्धा लागलं नाही. काय लिहिलंय ते मी वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानात शिलाई मशीन टाकलं. किमतीच्या रकान्यात शून्य. स्थितीच्या रकान्यात लिहिलं, 'आता होत नाही.'

बायांनो, आपण काय लिहिलं त्याच्याखाली? मी घरी बसून परत परत वाचलंय, मला पाठ आहे. पहिली म्हणाली, "शून्य चुकून पडलं वाटतं, खरा भाव सांगा." दुसरीनं विचारलं, "काय होत नाही, टाका पडत नाही की पट्टा घसरतो?" तिसरी म्हणाली, "मोटरचं असेल, माझा भाऊ बघून देईल." आणि ॲडमिन म्हणून मी लिहिलं, "वर्णन पूर्ण लिहा, नाहीतर काढावं लागेल." सख्ख्या जावेला. अहो-जाहो करून.

ज्या ताईंनी मशीन नेलं त्या आज इथं आहेत. त्यांचा काही दोष नाही. त्या सांगतात, धाकटीनं पाणी दिलं, तेल कुठं सोडायचं दाखवलं, सुयांची डबी सोबत दिली, म्हणाली सावकाश न्या. घरी गेल्यावर ताईंनी पाच चांदण्या दिल्या आणि लिहिलं, "मशीन एकदम छान चालतं. होत नाही असं काही नाही."

नर्सबाईंच्या डोळ्याचं त्या आठवड्यात ऑपरेशन झालं होतं. पाचव्या दिवशी पट्टी निघाली, त्यांनी मोबाइल पाहिला आणि मला फोन केला. म्हणाल्या, "वॉर्डात बाई पाणी मागते तेव्हा दर वेळी तहानच लागलेली नसते गं. चप्पल घाल." आम्ही दोघी गेलो. दाराला कुलूप. शेजारणीकडे किल्ली. आत भांडी पालथी घातलेली, कॉटवरची चादर घडी करून ठेवलेली. मोबाइल बंद. चौकीवर तक्रार दिली, तिच्या माहेरी जाऊन आले, दवाखाने पालथे घातले. अकरा महिने झाले. ती कुठं आहे, आहे की नाही, कुणाला माहीत नाही.

नर्सबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर भांडता आलं असतं. आज त्या लेकीकडे राहायला चालल्यात, आणि ग्रुप माझ्या हाती देऊन चालल्यात. मी म्हटलं, मला नको. म्हणाल्या, "मग कुणाला देऊ? दुसरी कुणी असली तर तिला कळायचंसुद्धा नाही."

परवा मी नियम तीन काढून टाकला. अकराशे बायांना कळवलं, आता काहीही लिहा, किंमत नको. दोन दिवस वाट पाहिली. एकीनं विचारलं, ही काय ऑफर आहे. मग मीच लिहिलं, धाकटे, चुकलं माझं, असशील तिथून एक शब्द टाक. बावन्न अंगठे आले. एकीनं लिहिलं, "ताई, मोठ्या मापात मिळेल का?" तिनं वाचलंच नव्हतं, फोटोशिवाय आता कुणी वाचत नाही. दुकान बंद करावं म्हटलं तर चाळीस घरं. आणि बंद केलं तरी बोलायची सवय मोडलेली आहे, ती कुठून आणू? नर्सबाई, तुम्ही दिलेला ग्रुप हा नाही. तो मी घालवला, आणि परत करायला माझ्याकडे काही नाही.

अध्यक्षबाईंनी वेळ दिला, भाऊंनी हॉल दिला, तुम्ही ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. शेवटी बोलण्यातल्या चुकीची माफी मागायची असते. बोलण्यात मी फारसं चुकले नाही. जिची मागायची ती या हॉलमध्ये नाही, त्यामुळे तुम्ही माफ करून चालणार नाही. तरी तुमच्यापैकी कुणाचं लिहिलेलं मी न वाचता काढलं असेल, तर जायच्या आधी माझ्यापाशी या आणि काय लिहिलं होतं ते तोंडानं सांगा. मी दारापाशी उभी आहे.