एक हात मागे

मंडळी, कीर्तनाला बसलात सगळे? ए, मागची दोन पोरं, गप्पा नंतर! आज मी एकच विचारणार आहे. दारात माणूस आलं की आपण पटकन म्हणतो, "जागा नाही हो!" खरं सांगा – जागा नसते, की आपल्याला सरकायचं नसतं?

लगेच माना हलवू नका! आधी ऐका.

आश्विनाचे दिवस. सरूआत्याच्या अंगणात भोंडला! मधोमध पाट, पाटावर रांगोळीचा हत्ती. आत्याची भाची अनसूया, इयत्ता सातवी. तिनं काय केलं? हत्तीपाशी एकीला दोरीचं एक टोक धरायला लावलं, साडेतीन हात मोजले, आणि दोरी ताणून गोल फिरली. झालं वर्तुळ! हत्ती केंद्रात. तिथून प्रत्येक पोरीपर्यंतचं अंतर सारखं – ती त्रिज्या. सरपंचांची नात असो की गुरवाची लेक, हत्ती कुणाला जवळ नाही, कुणाला लांब नाही!

सातवीतली मुलं, बोला! त्रिज्या साडेतीन, तर व्यास? – सात! शाब्बास! आणि परिघ? व्यासाच्या तिपटीहून थोडा जास्त. सात हाताला बावीस हात. एकेकीला हातभर जागा. बावीस पोरी, हातात हात, गच्च गोल!

इतक्यात धाकट्या दुर्गीला समोर मैत्रीण दिसली. कडेकडेनं, कंसावरून जावं की नाही? छे! धीर कुठला! सरळ आतून पळाली – ही झाली जीवा. आणि तीही अगदी केंद्रातून! म्हणजे व्यास, सगळ्यांत मोठी जीवा. हत्तीची सोंड पुसली ना हो! आत्यानं कपाळावर हात मारला. हसताय काय? तुमच्याही घरी एक दुर्गी आहेच.

सोंड पुन्हा काढली, आणि फाटक वाजलं. दारात नर्मदा. अनसूयेच्या वर्गातली, नव्या वसाहतीत राहणारी. तिचं गाव धरणाच्या पाण्यात गेलेलं. अनसूयेनंच बोलावलं होतं, "ये गं, तुझी जागा ठेवते." नर्मदेनं पाच चुलतबहिणीही आणल्या. धुतलेली परकर-पोलकी, वेण्यांना रिबिनी. गाव सुटल्यापासून त्या पोरींच्या वाट्याला भोंडला आलाच नव्हता!

आत्या म्हणाली, "अगं बायांनो, इथं मुंगी शिरायला जागा नाही! कडेला बसा, खिरापत देते तुम्हाला."

नर्मदा एवढंच म्हणाली, "बरं." धाकटीचा हात धरला आणि वळली.

मंडळी, हे "बरं" फार वाईट असतं. भांडून गेलेलं माणूस परत येतं. "बरं" म्हणून गेलेलं येत नाही. अनसूया दोरी घेऊन धावली.

"आत्या, गोल मोठा करू या!"

"सहा जणींसाठी? सहा हात मागे जावं लागेल! मागे माझ्या शेंगा वाळत घातल्यात, त्या तुडवणार?"

"सहा नाही, आत्या. एकच हात."

तिनं दोरी हातभर सोडली आणि ओरडली, "सगळ्यांनी मागे या!" पोरी मागे सरल्या. धरलेले हात सुटले – आणि सगळीकडे फटी पडल्या! मोजा ना! त्रिज्या साडेचार, व्यास नऊ, परिघ अठ्ठावीस हात, वर थोडी बोटं. बावीस अन् सहा किती?

आत्या बघतच राहिली. शेंगा मात्र हातभर आडव्या येत होत्या. आत्या पुढे झाली. खराटा घेतला आणि स्वतःच्या हातानं शेंगा भिंतीकडे लोटल्या.

"नर्मदे! अगं फिर मागे! चुकलं माझं."

धाकटीनं भीतभीत विचारलं, "आम्ही शेवटी उभं राहायचं का?"

"गोलाला शेवट असतो का गं, बाळा? ये, दुर्गीचा हात धर." असं म्हणता म्हणता आत्याचे डोळे भरून आले.

पण एक सांगते हं. एकटी दुर्गी मागे सरली असती तर काय झालं असतं? गोल वाकडा झाला असता, दुसरं काही नाही! सगळ्यांनी सरायचं. एकच हात. सहा माणसांना जागा होते.

आता बघा. मी मधे उभी, तुम्ही माझ्याभोवती गोल. आणि त्या बाया मघापासून खांबापाशी, लेकरं कडेवर घेऊन उभ्या आहेत. मी बघितलं. तुम्हीही बघितलंत! गजर मी नंतर धरीन. टाळ खाली ठेवा. सरका एक हात.

हां काका, तुम्हीसुद्धा!

या गं बायांनो, आत या. तुमची जागा झाली. आता घेऊ या देवाचं नाव – सगळे मिळून!