एकाच पानावरच्या बायका

इराणात क्रांती झाली त्या वर्षी कोल्हापूरच्या स्टँडवर हुपरीच्या गाडीची प्रतीक्षा करणाऱ्या दोन सद्गृहस्थांचे हे संभाषण.

“कृष्णातराव, एकच पेपर एवढा गठ्ठाभर?”

“स्टँडवरचं सगळं घेतलं. हुपरीत एकबी जाऊ नये.”

“का? फोटू तर इराणच्या बायकांचा हाय. डोक्यापासनं पायापतूर काळ्या कापडात! काय जुलूम म्हणायचा!”

“व्हय की! त्या मुल्लांना आया-भणी न्हाईत का? पण जरा खाली बघा.”

“आरं, ही तुमची विमल! कबड्डीत जिंकली?”

“हाफ पँटीत छापलीया! परवा पावणं बघाय येणार.”

“आन् तिची उद्याची फायनल?”

“कसली फायनल? सकाळीच खोलीला भायरनं कडी घातलीया.”

“बरं केलंसा. आणा, निम्मं पेपर मी धरतो.”