शंका आली की ओतायचं

तुम्ही बसा हो, मला बसवत नाही. बॅग भरता भरता सांगतो, चालेल ना? मी श्रीवर्धनच्या अलीकडचा, खाडीकाठचा, बाप आमचा होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, त्याच्या हाताखाली पाना धरायला शिकलो, मग लेथवर गेलो, आणि गावातली अर्धी पोरं इकडे सौदीत आली तसा मी पण आलो. आधी यान्बूला रिफायनरीच्या वर्कशॉपमध्ये फिटर, कॅम्पमध्ये राहणं, मग जेद्दाला या कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर आपला व्हिसा तो मालक. अबू फहद म्हणतात त्याला. माणूस वाईट नाही हां, त्याचं मीठ खाल्लंय, खोटं नाही बोलणार. पण एक खूळ.

खूळ म्हणजे नेमबाजी. त्याची रायफल स्पर्धेची, आणि त्यांच्या क्लबात नियम असा की कंपनीतून जशी आली तशीच चालवायची, एक स्क्रू बदलायचा नाही. मग बदलायचं काय, तर काडतूस. विकतच्या काडतुसांनी गोळ्या पसरायच्या, म्हणून हाताने भरायची. पितळी नळी, तिच्यात तोलून बारूद, वर गोळी दाबून बसवायची. बारूद कणभर कमी कर, गोळी केसभर आत बसव, तो पाच उडवणार, कागद बघायचा, परत पहिल्यापासून. चार गोळ्या एका भोकात आणि पाचवी बोंबलत बाहेर! काय सांगू तुम्हाला, त्या पाचवीने माझी झोप खाल्ली. लायसन त्याच्या नावावर, बंदूक तो चालवणार, मी नुसता भरणार, पण डोक्यात किडा शिरला तो माझ्याच.

आणि या कामाचा एक कायदा आहे. बारूद भरताना बोलायचं नाही, फोन बंद, कोणी हाक मारली तरी मान वर नाही. चुकून एका नळीत दोनदा पडली ना, तर बंदूक उडवणाऱ्याच्या गालाशीच फुटायची. म्हणून शंका आली की ओतायचं. हिच्यात घातली का नाही, एवढं नुसतं मनात आलं तरी नळ्यांचा अख्खा ट्रे रिकामा करायचा नि परत सुरू.

आता आमची खैरुन, म्हणजे बायको, ती गावाला. तिचा फोन नेमका दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, माझ्या भरायच्या वेळेला. फोन बंद. मग मी केला की तिचं एकच, कायमचे कधी येताय? मी बोलायचो, एवढी रायफल काडतुसाशी जुळू दे. ती बोलायची, सवतच आहे माझी, नाव तरी सांगा तिचं. हसायचो आम्ही. पण रायफल जुळेना आणि मी हलेना. पोरगी लग्न होऊन सासरी गेली, मागे ही एकटी, बोलायची, घर खायला उठतं मला.

मग बाई स्वतःच आली. गावच्या बायकांबरोबर मक्केला, उमऱ्याला. उमरा झाला, आणि मी तिला वर्कशॉप दाखवायला नेली, शहराबाहेर कफीलच्या शेतावर आहे ते. नुकतीच रायफल जुळली होती, पाचही गोळ्या एका नाण्याखाली झाकतील अशा, मी तर हवेत! आता स्पर्धेची काडतुसं तेवढी भरायची. तिला स्टुलावर बसवलं आणि बोललो, खैरुन, आता एक शब्द नको. ती बोलली, इतकी वर्षं तरी कुठे बोलू दिलंत, आणि पर्स मांडीवर घेऊन गप बसली.

भरायला लागलो. अर्ध्यावर आलो नि शंका. ओतलं. परत लागलो, परत शंका. ती काही करत नव्हती हो, नुसती बघत होती. मीच तिच्याकडे बघत होतो, किती वाळली होती, फोनवर हे कधी कळलंच नाही. शेवटी तीच बोलली, चला, आज काही होत नाही तुमचं. ती परत निघाली तेव्हा विमानतळावर सोडायला गेलो, वाट बघतोय, आता विचारेल, कधी येताय. विचारलंच नाही! सलाम केला नि बायकांच्या घोळक्यात गेली. या अल्ला, त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून ट्रे भरतोय नि ओततोय, भरतोय नि ओततोय. कफील बोलला, यल्ला, काडतुसं कुठे, स्पर्धा तोंडावर आली. मी बोललो, अबू फहद, मला कायमचं घरी जायचंय, फायनल एग्झिट लावा. भडकला. एवढी वर्षं सांभाळलं तुला, स्पर्धा होईपर्यंत थांब, मग कुठे जायचं तिकडे जा. मी बोललो, थांबतो, पण भरणार नाही. हात इथे आहेत, मन घरी गेलंय. बारूद दोनदा पडली तर गाल तुमचा लागलेला असेल बंदुकीला, माझा नाही. मग बोलला, खलास, नको भरूस. विकतच्या काडतुसांनी खेळला आणि पार मागे पडला. मला लागलं हो ते. एवढी जुळलेली रायफल!

उद्या पहाटे विमान आहे. दुवा करा, वेळेवर सुटू दे. काल खैरुनला सांगितलं, एग्झिट लागला, तिकीट झालं, कायमचा येतोय. मला वाटलं रडेल, नाहीतर हसेल तरी. ती बोलली, हां, हां, असं पुष्कळ ऐकलंय. मी बोललो, अगं, शपथ घेऊन सांगतोय, जेवायला घरीच आहे मी परवा. ती बोलली, दारात दिसलात की मग तांदूळ धुवायला घेईन.