व्हॉटएव्हर आणि लाडवांचा डबा

रविवार. सकाळी धुकं, दुपारी लख्ख ऊन. त्या दिवशी काय झालं, ऐका. सौंसरचे पाहुणे पांढुर्ण्याला येऊन आमच्या पल्लवीला बघून गेले. मुलाच्या आईने डबाभर लाडू आणले होते. संध्याकाळी मी विचारलं, “काय बाई, पोरगा कसा वाटला?”

“व्हॉटएव्हर, बाबा.”

“म्हणजे?”

“म्हणजे हो म्हणा, नाही म्हणा. मले काही फरक नाही पडत.”

मी फोन उचलला. बायको म्हणाली, “कोणाले लावून राहिले?”

“सौंसरले. नाही म्हणून सांगतो. जिले फरकच पडत नाही, तिले ढकलू कायले?”

“आधी सैपाकघरात पाहून या.”

आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, म्हणून आम्ही एरवी त्यात मूठभर साखर टाकतो. पल्लवी मात्र संत्र्याची बर्फी, एकेक वडी निवडून, त्या डब्यात रचत होती. कोपरा मोडलेली एक वडी मी उचलून आत ठेवली.

तिने ती लगेच बाहेर काढली. “बाबा! त्याईले मोडकी देता का?”

मी फोन ठेवून दिला. पुढच्या रविवारी डबा घेऊन आम्ही तिघं सौंसरला गेलो. लग्न ठरलं, आणि डबा पुन्हा भरून आमच्याकडे आला.